काळदंताचा मान

गावाची अब्रू गावातल्या सज्जनांवर अवलंबून नसते. सज्जन कुठेही निघतात; एखाद्या ओसाड माळावरसुद्धा चुकून एखादा सापडतो आणि त्याचं कोणी मनावर घेत नाही. गावाची खरी अब्रू असते ती त्याच्या राक्षसावर. ज्या गावाला स्वतःचा, पिढीजात, मानाचा राक्षस नाही त्या गावाने यात्रा भरवू नये, भरवलीच तर पाहुणे बोलावू नयेत, आणि पाहुणे आलेच तर त्यांच्यापुढे फार बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत मी उंबरजळ यात्रा कमिटीचा चिटणीस या नात्याने मांडतो आहे. (पद बिनपगारी आहे. पहिल्या पंगतीला पान असतं, पण त्याचा मताशी संबंध नाही.)

उंबरजळ हे म्हसवडहून कवठे महांकाळकडे जाताना लागतं, आणि नाही लागलं तरी प्रवाशाचं काही बिघडत नाही. पाऊस आमच्याकडे येतो तो वाट चुकून. यात्रा मात्र अशी भरते की कराडचे व्यापारी पालं ठोकायला येतात. यात्रेच्या तिसऱ्या दिवशी सोंगं निघतात आणि तिथेच राक्षसाचा प्रश्न येतो.

देवाचं सोंग घ्यायला आमच्याकडे माणूस मिळत नाही. सोंग घेणाऱ्याला उपास धरावा लागतो, पायात काही घालता येत नाही, आणि लोक येता-जाता पाया पडत असल्यामुळे आडोशाला जाऊन बिडीसुद्धा ओढता येत नाही. त्यामुळे ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात हे सोंग पडतं. मागच्या काही सालांत एकदा नवा जावई देव झाला, एकदा शाळेवर नुकतेच बदलून आलेले मास्तर झाले, आणि एका साली दोघेही वेळेवर पळून गेल्यामुळे तसबिरीवर भागवलं गेलं. राक्षसाचं तसं नाही. राक्षस हा मान आहे. त्याला वेशीवर ओवाळतात, हातात गदा देतात आणि देवळापर्यंतच्या वाटेत दिसेल त्याला ती हाणायची मोकळीक असते. वर्षभराचे बांधाचे तंटे त्या एका दुपारी निकालात निघतात, आणि फिर्याद होत नाही, कारण मारणारा राक्षस असतो.

राक्षसाच्या मरणाचीही रीत आहे. देव बाण लावतो, पण सोडत नाही. आधी राक्षसाला पाटावर बसवून फेटा बांधतात, नारळ देतात, आणि गावातला वडीलधारा माणूस अदबीने विचारतो, "मरतायसा न्हवं?" राक्षस दोनदा नकार देतो. तिसऱ्यांदा विचारल्यावर, लोकांचा फारच आग्रह पडला म्हणून, तो आडवा होतो. (घोंगडं त्याच्याच घरचं असतं. परक्या घोंगड्यावर मरायची त्याच्यावर सक्ती नाही.) मग तो उठून जेवायला बसतो आणि देवाचं सोंग घेतलेला माणूस वाढायला उभा राहतो.

हा मान एका घराण्याचा, पण घराणं दोन पात्यांचं. थोरल्या पातीचे आप्पासो आणि धाकट्या पातीचे नाथाजी. दोघांत एक साल आड मान फिरतो. धाकट्या पातीची वस्ती ओढ्यापलीकडे, म्हणजे सांगली संस्थानच्या हद्दीत आहे, आणि थोरली पाती ओढ्याअलीकडे, साताऱ्याच्या खालसा, म्हणजे इंग्रजी मुलखात. मी सांगतो आहे त्या साली आमच्या भागात तशी दोन सरकारं चालत होती, एक दिवसाचं, इंग्रजांचं, आणि एक रात्रीचं, भूमिगतांचं. दोन्ही सरकारांनी गावात बरंच काही उलटंपालटं केलं, पण राक्षसाच्या मानाला दोघांनीही हात लावला नाही.

अशा सुव्यवस्थित गावात आकाराम सिनेमा घेऊन आला.

आकाराम हा मनुबाईचा थोरला मुलगा. हात चांगला म्हणून कोल्हापूरला एका स्टुडिओत पडदे रंगवायला राहिला होता आणि तिथे चित्रं हलवायची विद्या शिकला. विद्या अशी आहे की एक चित्र काढायचं, मग तेच चित्र पुन्हा काढायचं, पण हात केसभर वर. मग पुन्हा, आणखी केसभर वर. अशी ढिगाने चित्रं काढून एकेकाचा फोटो घेतला आणि ते फोटो झरझर फिरवले, की पडद्यावरचा माणूस हात उचलतो. युद्धात फिल्मवर कंट्रोल आला, स्टुडिओला कुलूप लागलं, आणि मालकाने एक जुना कॅमेरा व उरलीसुरली फिल्म देऊन आकारामला वाटेला लावलं. तो घरी येऊन सोप्यात बसला आणि चित्रं काढू लागला. येता-जाता गाव डोकावून बघत असे. आमच्या कमिटीतल्या केरबा पैलवानाने तर पारावर जाहीरच केलं, "येकच चित्तर शंभरदा काढतोय गड्या, आन् आजून त्येला मनासारखं जमंना. कोल्लापुरात शिकला तरी काय ह्यो?"

सिनेमाची गोष्ट साधी होती. पाताळात काळदंत नावाचा राक्षस राहतो. त्याने गावोगावचं पाणी ओढून नेऊन एका गुहेत कोंडलं आहे, आणि जो मागायला येईल त्याचा तो दगड करतो. दयामाया त्याच्याकडे औषधालाही नाही. एक तरुण मशाल घेऊन पाताळात उतरतो, एकामागून एक दारं ओलांडत चालत राहतो, काळदंताला त्याच्याच डोहात बुडवतो, आणि ओंजळभर पाणी पिऊन घरी परत येतो.

त्या तरुणाला आकारामने आपल्या धाकट्या भावाचा चेहरा दिला होता. धाकटा पलटणीत होता, तो इटलीत पडला. तार आली, मागाहून एक बिल्ला आला. फोटो मात्र घरात नव्हता. रजेवर आला की म्हसवडच्या यात्रेत काढू, म्हणून राहून गेला होता. त्याचा चेहरा उरला होता तो आकारामच्या बोटांत. चालताना डावा खांदा जरासा पुढे टाकायची धाकट्याला लकब होती. चेहरा एका चित्रात मावतो, चालणं मावत नाही, म्हणून आकारामने ती लकब कागदामागून कागद घालून काढली. इकडे मनुबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. उजवा डोळा गेलाच होता, डाव्याचा भरवसा नव्हता. सिनेमाचा पडदा मोठा असतो, अगदी पुढे बसलीस तर तुला तो चालताना दिसेल, असं आकारामने तिला सांगितलं होतं, आणि ते या यात्रेला दिसलं तरच दिसणार होतं. हा सगळा तपशील पुढे कमिटीपुढे आला म्हणून मी सांगतो. नाहीतर राक्षसाच्या इतिहासात त्याला जागा नाही.

यात्रेत सिद्धूचा तंबू येत असे. सिद्धू हा तंबूतले सिनेमे घेऊन गावोगाव फिरणारा माणूस; जुनी मुकी चित्रं हाताने यंत्र फिरवून दाखवायचा आणि सोबत पेटी वाजवायला एक जण ठेवायचा. आकारामचा सिनेमा दाखवायला तो तयार होता. पण तंबू पडायचा देवस्थानच्या पटांगणात, आणि तिथे कमिटीच्या परवानगीशिवाय पाल पडत नाही. म्हणून आकाराम चित्रांचा गठ्ठा घेऊन देवळात आला आणि त्याने काळदंताची चित्रं फरशीवर मांडली. आप्पासो बराच वेळ वाकून बघत राहिले.

"ह्यो कोन?" त्यांनी विचारलं.

"राक्षस हाय, आप्पासो."

"त्ये दिसतंय. पर कुनाच्या परवानगीनं?"

हा प्रश्न इतका मूलभूत होता की कमिटीला त्यासाठी पोटकमिटी नेमावी लागली. तिचं नाव राक्षस-मान निर्णय पोटकमिटी. अध्यक्षपदी विष्णुपंतांना बोलावलं. विष्णुपंत साताऱ्याच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, राहणार वाईचे. उंबरजळात त्यांची थोडी जमीन आहे आणि भरपूर मतं आहेत. त्यांनी पहिल्याच बैठकीत मुद्दा निकाली काढला. जे नाही ते दिसणं म्हणजे सोंग. सिनेमात जे दिसतं ते नसतंच. सबब सिनेमा हे सोंग आहे, आणि सोंगातला राक्षस म्हटल्यावर मान आपोआप लागू होतो. इतकं सरळ तर्कशास्त्र मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं, आणि सरकारी नोकरीत माणूस किती घडतो हे मला त्या दिवशी कळलं.

आता राक्षस कोणत्या पातीचा, हा प्रश्न उरला. सोंगाचं साल आप्पासोंचं होतं. पण सिनेमा पुढच्या सालीही तोच राहणार, तेव्हा आमचं साल बुडतं, असं नाथाजींचं म्हणणं पडलं. पोटकमिटीने दोन्ही घराण्यांची पाहणी केली. थोरली पाती नाकासाठी प्रसिद्ध आहे, धाकटी मिशांसाठी. थोरल्या पातीतली सगळी नाकं शिंप्याच्या टेपने मोजली. सगळ्यात मोठं नाक आप्पासोंच्या चुलतीचं निघालं, पण बाईमाणसाचं नाक राक्षसाला लावणं मर्यादेला सोडून होईल म्हणून दुसऱ्या क्रमांकाचं, म्हणजे खुद्द आप्पासोंचं, मंजूर झालं. मिशा नाथाजींच्या. अशा रीतीने काळदंताचं नाक खालसा झालं आणि मिशा संस्थानी राहिल्या. हद्दीवरच्या गावांत इतका समंजस तोडगा क्वचित निघतो.

आकारामने सांगायचा प्रयत्न केला, की काळदंताची सगळी चित्रं काढून आणि त्यांचे फोटो घेऊन झाले आहेत. आता नाक बदलायचं तर प्रत्येक चित्रातलं बदलावं लागेल, पुन्हा फोटो घ्यावे लागतील, आणि त्यात फिल्म जाईल. कंट्रोलमुळे नवी फिल्म मिळत नाही. जी शिल्लक आहे ती त्या तरुणाच्या चालण्यासाठी राखून ठेवली आहे. विष्णुपंतांनी त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि काटकसर करावी असा सल्ला दिला.

आकारामने दुसरी वाटही बघितली. तो म्हसवडला गेला आणि तिथल्या यात्रेत सिनेमा दाखवता येईल का म्हणून विचारून आला. तिथल्या लोकांनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, की राक्षस उंबरजळचा दिसतो. तेव्हा उंबरजळच्या मानकऱ्यांची संमती आणल्याशिवाय तो आमच्या वेशीत कसा घ्यायचा? उद्या आमचा राक्षस कोणी नेला तर? या उत्तराने आमच्या कमिटीचा ऊर भरून आला. शेजारधर्म अजून शिल्लक आहे.

आकाराम परत येऊन सोप्यात बसला आणि नाक काढू लागला. नाक झालं, मग मिशा झाल्या.

त्यानंतर पोटकमिटीने काळदंताच्या वर्तनाकडे लक्ष दिलं. मूळ चित्रात तो पाणी चोरतो असं दाखवलं होतं. मानकरी चोरी करत नाही. तो पाणी ताब्यात घेतो, अशी दुरुस्ती झाली. मूळ चित्रात तो गावोगाव हिंडून लोकांचे दगड करत होता. हे त्याच्या इभ्रतीला शोभणारं नव्हतं. लोकांनी हात जोडून त्याच्या दाराशी यावं, रांगेत उभं राहावं आणि आपापल्या पाळीने दगड व्हावं, असं ठरलं. दगडांची संख्याही वाढवावी लागली. आकारामने मोजकीच माणसं काढली होती, आणि आप्पासो म्हणाले, की आमच्या आज्याच्या नुसत्या आरोळीने गाभण म्हैस व्याली होती, तिथे एवढ्याशा दगडांनी घराण्याचं हसं होईल. शेवटी सबंध एक गाव दगड करायचं ठरलं, लेकराबाळांसह. (म्हशी वगळल्या. त्या दगड झाल्या तर दुधाचं काय, असा रास्त प्रश्न केरबाने विचारला होता.) आरोळीचं काय, कारण सिनेमा मुका; तर नाथाजींच्या भाच्याने पडद्यामागे उभं राहून रिकाम्या घागरीत तोंड घालून ओरडावं असं ठरलं. रिकाम्या घागरींची आमच्याकडे टंचाई नाही.

मला इथे एक गोष्ट नमूद करायला आनंद वाटतो. इतक्या बैठका झाल्या, पण काळदंत क्रूर आहे याबद्दल एकाही सभासदाने तक्रार केली नाही. तो पुरेसा क्रूर आहे ना, एवढीच सर्वांना काळजी होती.

वादाचा मुद्दा एकच उरला, आणि तो म्हणजे शेवट. आकारामच्या चित्रांत तो तरुण काळदंताला डोहात ढकलून देतो. ढकलतो म्हटल्यावर आप्पासो आणि नाथाजी, जे एकमेकांशी सरळ बोलत नव्हते, ते एकदम उभे राहिले. पाट नाही, फेटा नाही, नारळ नाही, तीनदा विचारणं नाही, आणि सरळ ढकलतो? विष्णुपंतांनी दोघांना खाली बसवलं आणि सत्काराचा प्रसंग घालावा असा ठराव मांडला. काळदंत पाटावर बसेल. तरुण त्याला फेटा बांधेल, नारळ देईल, तीनदा विचारील. मग काळदंत स्वखुशीने डोहात उतरेल. त्याच वेळी अशीही दक्षता घेतली गेली, की मानकरी समोर बसलेला असताना तरुणाने त्याच्याकडे पाठ करू नये. म्हणजे तो काळदंताकडे तोंड करून उभा राहणार, आणि पाठ राहणार ती प्रेक्षकांकडे.

आता फिल्म एका रिळाची उरली होती. तीत एक तर सत्कार बसत होता, नाही तर चालणं. विष्णुपंतांच्या मते पर्याय उघड होता. ते आकारामला समजावून म्हणाले, की अहो, तो शेवटी पाताळात पोचतोच ना? पोचला म्हणजे चालला असणारच. जे लोकांना न दाखवता समजतं ते दाखवायचं कशाला? आकारामने मान खाली घातली आणि चित्रांचा गठ्ठा बांधला.

पुढच्या बैठकीला मनुबाई आली. काठीने दाराची चौकट चाचपत ती आत आली आणि तिला कोणी बस म्हणायच्या आधी खाली बसली. विष्णुपंतांनी तिला बोलायची परवानगी दिली.

"आवं, राक्षस तुमचाच असू द्या," ती म्हणाली. "नाक तुमचं, मिशा तुमच्या. म्या कवा न्हाई म्हनलं? माज्या पोराला तेवडं चालू द्या."

मग विष्णुपंतांनी अत्यंत सहानुभूतीने तिला विचारलं, की नायकाचं सोंग तुमच्या घराण्याकडे पिढीजात चालत आलं आहे काय? तसा काही दाखला, कोणा वडीलधाऱ्याची साक्ष?

मनुबाईला प्रश्न नीट कळला नसावा. तिने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"मान न्हाई वो," ती म्हणाली. "पोरगं हाय."

विष्णुपंतांनी निर्णय दिला तो असा. नायकाचा मान कोणत्याही घराण्याकडे नाही. ज्याचा मान नाही त्याचा हक्क नाही, आणि ज्याचा हक्क नाही त्याच्याबद्दल विचार करायला ही पोटकमिटी नेमलेली नाही. तथापि माणुसकीच्या दृष्टीने, सत्कार पुरा झाल्यावर फिल्मचा काही शेपटा उरल्यास त्यावर अर्जदाराने काय करावं याला कमिटीची हरकत राहणार नाही. हा शेवटचा भाग माझ्या सूचनेवरून घातला गेला. माझं त्याबद्दल पुढे एकदा कौतुकही झालं. मनुबाई उठली तेव्हा केरबाने तिला पायरीपर्यंत हात दिला, आणि परत येऊन त्याने ठरावाच्या बाजूने हात वर केला.

यात्रेत सिनेमा झाला. दिवेलागणीला तंबू भरला. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या अंगाला. मनुबाई सगळ्यांच्या पुढे, पडद्याला नाक लागेल इतकी जवळ बसली होती. काळदंत पडद्यावर आला तेव्हा पुरुषांनी उठून उभं राहून पटके सारखे केले. मागच्यांना दिसेना, पण तक्रार कोणी केली नाही, कारण मागचेही उभेच होते. नाक ओळखीचं आहे म्हणून अलीकडचे लोक खूश, मिशा ओळखीच्या आहेत म्हणून पलीकडचे. पडद्यावर लोक हात जोडून रांगेत आले आणि पाळीपाळीने दगड झाले, आणि दर दगडाला तंबूत शिट्टी वाजली. एक सबंध गाव दगड झालं तेव्हा घागरीतून अशी आरोळी निघाली की पेटीवाला वाजवायचा थांबला. माझ्या शेजारी कराडचा एक भांडीवाला व्यापारी बसला होता. त्याने मला विचारलं, की राक्षस कोणाचा? मी आमचा म्हणून सांगितलं, आणि मला काय वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही.

मग सत्कार झाला. काळदंत पाटावर बसला. एक पाठमोरा माणूस आला, त्याने फेटा बांधला, नारळ दिला आणि वाकला. मनुबाई एकदा डावीकडे सरकली, एकदा उजवीकडे सरकली. पाठ ती पाठच राहिली. शेजारच्या बायकांनी तिला एका जागी बसायला सांगितलं. तिसऱ्या विचारण्यानंतर काळदंत डौलाने डोहात उतरला, सर्व तंबूने नमस्कार केला आणि समाप्तची पाटी लागली.

लोक उठले. धूळ उडाली, पोरं हरवली, सापडली, आणि नाकात जास्त जोर होता की मिशांत यावर बोलत गर्दी दाराकडे सरकू लागली. सिद्धूच्या माणसाने यंत्र फिरवणं थांबवलं नाही, कारण चक्रावर फिल्मचा शेपटा अजून होता. मी कमिटीचा पाट ताब्यात घ्यायला मागे राहिलो होतो (शोभेसाठी पडद्याखाली ठेवला होता, आणि पाट जातात), म्हणून मला ते बघायला मिळालं. काळोखातून एक तरुण मशाल घेऊन चालत आला. बाहेर पडणाऱ्यांच्या पटक्यांच्या सावल्या त्याच्या अंगावरून जात होत्या. चालताना तो डावा खांदा जरासा पुढे टाकत होता. तो जवळ आला, वाकला, ओंजळीने पाणी प्याला आणि त्याने वर बघितलं. मग पडदा पांढरा झाला.

मनुबाईने त्याला नावाने हाक मारली. मोठ्याने नाही, जेवायला वाढलं की हाक मारतात तशी. ती पडद्यापाशी गेली आणि तिने हात लावून बघितला. कापड हललं.

"सपलं व्हय रं?" तिने विचारलं.

"सपलं, आये," आकाराम म्हणाला.

"बरा चालला," ती म्हणाली, आणि पदर सारखा करून त्याच्या हाताला धरून बाहेर गेली. मी पाट घेतला आणि दिवा मालवायला सांगितला.

त्यानंतर काळदंताची कीर्ती वाढतच गेली. आसपासच्या गावांतून त्याला मागण्या आल्या. आपला गावचा राक्षस चेहऱ्याने फारच मवाळ आहे, तुमचा एका यात्रेपुरता द्या, अशी विनंती घेऊन माणसं येऊन बसत. नाथाजींनी मिशा आधी होत्या की नाक, यावर सांगलीत दावा लावला, आप्पासोंनी साताऱ्यात लावला. पुढे संस्थानं विलीन झाली, सरहद्द पुसली गेली, आणि नाक व मिशा प्रथमच एका राज्यात आल्या. यात्रेत पोरं सिनेमाचा खेळ खेळतात तेव्हा सगळी काळदंत होतात. दगड व्हायलाही पुष्कळ मिळतात. तरुणाच्या वाटेला कोणी जात नाही, म्हणून तो खेळ त्याच्याशिवायच खेळतात आणि काही अडत नाही.

ही हकिकत मी अनेक ठिकाणी वाचून दाखवली आहे, आणि शेवटी कोणाला काही विचारायचं असल्यास विचारावं, असं दर वेळी म्हटलं आहे. लोक विचारतातही. चुलतीचं नाक नेमकं केवढं होतं, घागर तांब्याची की मातीची, पाट कोणत्या लाकडाचा. वाचकहो, तुम्हीही इथवर आलात. काळदंताचं नाव आता तुमच्या तोंडी बसलं आहे. त्याचं नाक कोणाचं, मिशा कोणाच्या, तो कसा मरतो हे तुम्हाला पाठ आहे. तंबूवाल्याचं नावसुद्धा तुम्ही विसरला नाहीत. मनुबाईच्या धाकट्याचं नाव मी एकदाही सांगितलेलं नाही. मी ते त्या संध्याकाळी ऐकलं आहे आणि मला ते चांगलं आठवतं. पण अजूनपर्यंत कोणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगणं चिटणीसाच्या कामात बसत नाही.